टपाल आपोआप आणा, पण ऑर्डर हरवू देऊ नका

व्यापाऱ्याच्या ई-मेलमध्ये ऑर्डरी, बिले आणि जाहिराती एकत्रच येतात. त्यातली एखादी ऑर्डर नजरेतून सुटली तर गिऱ्हाईक हातचे जाते. दुकानातील संगणकावर लिनक्स असेल तर टपाल आणणे व निवडणे ही दोन्ही कामे त्याच्यावर सोपविता येतात. त्यासाठीचे प्रोग्रॅम मोफत मिळतात.

टपाल आणण्याचे काम फेचमेल करतो. एरिक रेमंड यांनी तो १९९६ मध्ये लोकांपुढे आणला. सर्व्हर, खाते व पासवर्ड एका फाईलमध्ये लिहून ३०० सेकंदांची मुदत घातली की दर ५ मिनिटांनी तो फेरी मारतो. पासवर्ड ही अमानतच. ती फाईल इतरांना वाचता येत असेल तर फेचमेल काम करण्यास नकार देतो.

आणलेले पत्र तो प्रोकमेलच्या हाती देतो. १९९० पासूनचा हा प्रोग्रॅम प्रेषक वा विषय पाहून पत्रे वेगवेगळ्या कप्प्यांत टाकतो. नियम वरून खाली तपासले जातात आणि पत्र एका कप्प्यात पडले की पुढचे नियम पाहिले जात नाहीत. म्हणून ऑर्डरीचा नियम सर्वांत वर असावा.

आमचा आग्रह एवढाच, की जाहिरात वाटणारे पत्र नष्ट करण्याचा नियम लिहू नये. ते वेगळ्या कप्प्यात टाकावे. तसेच फेचमेल एरवी आणलेले पत्र सर्व्हरवरून पुसतो. फाईलमध्ये ‘कीप’ हा शब्द लिहिल्यास मूळ प्रत तेथेच राहते. महिनाभर असे चालवून, सर्व कप्पे रोज पाहून, मगच नियमांवर विसंबावे.