पन्नास मिलिमीटरचा प्रश्न

यामाहा आरएक्स-१०० ही मोटरसायकल भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचं उत्पादन थांबलं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या आरएक्सपैकी सर्वांत धाकटी गाडीही तिशीच्या आसपास आहे. तरी ती दिसते. किंबहुना दिसण्याआधी ऐकू येते. तिच्या टिकण्याचं श्रेय बहुतेक जण मालकांच्या प्रेमाला देतात. पण प्रेमानं गाडी पुसली जाते, चालत नाही. ती चालते, कारण उत्पादन थांबल्यावरही तिचे झिजणारे भाग कोणी ना कोणी बनवत राहिलं. टू-स्ट्रोक इंजिनात या झिजणाऱ्या भागांमध्ये पहिला मान पिस्टनचा.

या विषयात शिरण्याचं माझं कारण घरगुती आहे. आमची आरएक्स थोरल्या भावाची. ती आता पुतण्याकडे जायची आहे आणि तो ती घेऊन खंबाटकी घाटातून साताऱ्याला जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. चालत्या टू-स्ट्रोकचा पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘पकडला’, की मागचं चाक त्याच क्षणी जाम होतं. क्लच दाबायला एखाद्या श्वासाएवढा वेळ मिळतो. त्यामुळे कुठला पिस्टन घालायचा, हा प्रश्न माझ्यापुरता तरी नुसत्या हौसेचा नव्हता.

पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुठल्याही शहरातल्या स्पेअर पार्टच्या गल्लीत पिस्टन मागितला, की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचा देऊ?’ मग, ‘साइझ काय?’ आकार आणि धातू यांबद्दल कोणी विचारत नाही. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे, की आधी आकार पाहावा, मग धातू, मग माप आणि नाव सर्वांत शेवटी. असं का, हे कळायला टू-स्ट्रोकचा पिस्टन नेमकं काय काम करतो, ते पाहावं लागेल.

दट्ट्या आणि दरवाजा

शाळेच्या पुस्तकात पिस्टनला ‘दट्ट्या’ म्हणत. फोर-स्ट्रोक इंजिनात तो खरोखर दट्ट्याच असतो. इंधन-हवेचं मिश्रण आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं, ही कामं हेडमधल्या व्हॉल्व्हची. टू-स्ट्रोकमध्ये असे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना त्या झाकतो आणि उघडतो. वर जाताना तो खालच्या क्रँककेसमध्ये ताजं मिश्रण ओढून घेतो, खाली येताना ते दाबतो आणि बाजूच्या वाटांनी डोक्यावर पाठवतो. म्हणजे एकच वस्तू दट्ट्याही आहे, पंपही आहे आणि दरवाजाही.

ही कल्पना इंग्लंडमधल्या बाथ शहरातली. जोसेफ डे याने १८८९ च्या सुमारास क्रँककेसचाच पंप करणारं इंजिन बांधलं; पुढे १८९२ मध्ये त्याच्याकडच्या फ्रेडरिक कॉक याने आत येणारी वाटही पिस्टनच्या खालच्या घेरानेच, म्हणजे स्कर्टने, उघडायची-मिटायची युक्ती काढली. त्या काळातल्या पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा असे. ताजं मिश्रण समोरच्या धुराड्यातून थेट बाहेर पडू नये, म्हणून त्याला वर वळवायचं काम तो उंचवटा करी. पण तो तापे, जड होई आणि पिस्टन वेडावाकडा फुगे. १९२० च्या दशकात जर्मनीत अडॉल्फ श्नुर्ले याने मिश्रण आत येण्याच्या वाटांनाच असा कोन दिला, की ते मागच्या भिंतीवर चढून वळसा घेऊ लागलं. उंचवट्याची गरज संपली. डीकेडब्ल्यू कंपनीने ही रचना मोटरसायकलींत रुजवली. तिच्या आरटी-१२५ या गाडीवरून युद्धानंतर अनेक देशांत नकला निघाल्या. ब्रिटनची बीएसए बँटम त्यांतली एक आणि १९५५ मध्ये आलेली यामाहाची पहिलीच मोटरसायकल वायए-१ ही दुसरी. आरएक्सच्या पिस्टनचं जवळजवळ सपाट डोकं हा त्या वंशाचा वारसा आहे.

पिस्टन हाच दरवाजा असल्यामुळे त्याच्या आकारात तीन गोष्टी काटेकोर जुळाव्या लागतात. पहिली, गजनपिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची. ती अर्ध्या मिलिमीटरनं वाढली तर धुराची खिडकी उशिरा उघडते, दाब वाढतो आणि पिस्टन हेडला टेकण्याची भीती असते. कमी झाली तर खिडकी लवकर उघडते आणि दाब घटतो. दुसरी, स्कर्टची लांबी आणि त्यातल्या कापा किंवा खिडक्या. आरएक्ससारख्या रीड व्हॉल्व्हच्या इंजिनात मिश्रण आत येण्याच्या बाजूला स्कर्टमध्ये अशी मोकळी जागा सोडलेली असते. ती वेगळी असेल तर इंजिन चालू होईल, पण श्वास पुरणार नाही. तिसरी, रिंगच्या खाचेतली बारीक खुंटी. टू-स्ट्रोकमध्ये रिंगला गोल फिरू देत नाहीत, कारण तिची उघडी टोकं खिडकीसमोर आली तर बाहेर पसरतात, कडेला अडकतात आणि मोडतात. ही खुंटी जुन्या पिस्टनच्या जागीच हवी.

या तिन्हींची तपासणी दुकानातच होते. जुना आणि नवा पिस्टन एकाच गजनपिनवर शेजारी शेजारी लावून उजेडासमोर धरायचे. आकार चुकीचा असेल तर दोन मिनिटांत कळतं. नावावर विसंबण्यात धोका असतो, कारण नाव फसवतं. भारतातल्या आरएक्स-झेडचा बोअर ५८ आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर; मलेशियातल्या त्याच नावाच्या गाडीचा ५६ आणि ५४. नाव एकच, इंजिनं दोन.

केसाएवढी जागा

आरएक्स-१०० चा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०. मिनिटाला ७५०० फेरे म्हणजे सेकंदाला १२५ फेरे आणि तितकेच स्फोट. पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर. वरच्या टोकाला थांबून उलटं वळताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दीड हजारांहून अधिक पट ओढ येते. फोर-स्ट्रोकच्या पिस्टनला एक फेरा आड विसावा असतो, याला नाही. वंगणही पेट्रोलबरोबर येणाऱ्या तेलाचं, तेवढंच.

पिस्टन अॅल्युमिनियमचा आणि सिलिंडरची आतली स्लीव्ह बिडाची. इथेच खरा पेच आहे. १०० अंश तापमान वाढलं की ५० मिलिमीटरचा पिस्टन साधारण ०.१० मिलिमीटरनं फुगतो. तेवढ्याच तापमानाला बिडाची स्लीव्ह ०.०५५ मिलिमीटर. शिवाय पिस्टन स्लीव्हपेक्षा जास्त तापतो. थंड असताना दोघांमध्ये ठेवायची जागा छोट्या, हवेनं थंड होणाऱ्या इंजिनात साधारण ०.०४ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. म्हणून पिस्टन कधीच पूर्ण गोल नसतो. तो वरच्या बाजूला किंचित निमुळता असतो, कारण डोकं जास्त तापतं. आणि गजनपिनच्या दिशेला किंचित अरुंद, कारण तिथं धातू जाड असतो. तापल्यावर तो गोल व्हावा, अशा बेतानं तो थंडपणी वाकडा केलेला असतो. चांगला पिस्टन आणि नुसता चकचकीत पिस्टन यांतला फरक बहुतेक वेळा याच वाकडेपणात असतो.

आता धातू. बाजारात दोन जाती मिळतात, ओतीव आणि घडीव. ओतीव पिस्टनच्या अॅल्युमिनियममध्ये साधारण १२ टक्के सिलिकॉन असतं, काहींत १६ ते १८ टक्के. सिलिकॉन जितकं जास्त तितका पिस्टन कमी फुगतो आणि कमी झिजतो, पण ठिसूळही होतो. घडीव पिस्टन प्रचंड दाबाखाली ठोकून बनवतात. शर्यतीसाठीच्या अनेक घडीव पिस्टनांत सिलिकॉन नाममात्र असतं. ते तडकत नाहीत, पण जास्त फुगतात. त्यामुळे त्यांना थंडपणी जास्त जागा द्यावी लागते आणि गाडी नीट तापल्याशिवाय पळवता येत नाही. ‘घडीव म्हणजे मजबूत, मजबूत म्हणजे उत्तम’ असं समजून घडीव पिस्टनला ओतीव पिस्टनची जागा दिली, तर तो पकडण्याची सोय आपणच केली म्हणायची. वजनात फरक पडला तर क्रँकचा समतोल बिघडून हँडल थरथरतं, ते वेगळंच. रोज ऑफिसला आणि कधी घाटात जाणाऱ्या गाडीला चांगला ओतीव पिस्टन पुरतो. खरं तर तोच योग्य.

आधी पिस्टन, मग बोअर

स्लीव्ह झिजते ती सारखी झिजत नाही. वरच्या टोकाजवळ, रिंग जिथं उलट्या वळतात तिथं, जास्त झिजते. म्हणून बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर आडव्या-उभ्या दोन दिशांना मोजायचं. सहा आकडे येतात. आमच्या गाडीचा सर्वांत मोठा आकडा ५०.२३ निघाला. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशा पायऱ्यांत मिळतात. ०.२५ मध्ये झीज पुसून नितळ गोल बोअर मिळण्याची खात्री नव्हती, म्हणून ०.५० ठरला.

दुकानात सल्ला मिळाला की थेट १.०० घाला, पिकअप वाढेल. हिशोब सोपा आहे. बोअर ५० चा ५१ केला तर इंजिन ९८.२ चं १०२.१ सीसी होतं; वाढ चार टक्के. त्या चार टक्क्यांसाठी पुढची दोन बोअरिंग आजच खर्च होतात. स्लीव्हची जाडी ही बचत आहे, ती पायरीपायरीनं मोडावी.

दुसरा नियम माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि तो हातात घेऊनच बोअरिंगला जायचं. डब्यावर ५०.५० लिहिलेलं असलं तरी पिस्टन ५०.४५ चा असेल किंवा ५०.४७ चा. काही जण आवश्यक जागा आधीच वजा करून पिस्टन बनवतात, काही जण करत नाहीत. मायक्रोमीटरनं स्कर्टच्या खालच्या भागात, निर्मात्यानं सांगितलेल्या उंचीवर, गजनपिनच्या काटकोनात मोजायचं आणि त्या मापात जागा मिळवून बोअर कापायचा. बोअरिंगनंतर होनिंगच्या तिरप्या रेघा हव्यात, कारण तेल त्यांत टिकतं. खिडक्यांच्या कडा हलक्या हातानं मोडून घ्यायला हव्यात, नाहीतर नवी रिंग त्यांवर खरवडली जाते. रिंग नुसती बोअरमध्ये बसवून तिच्या टोकांमधली फट फीलर गेजनं पाहायची. ५० मिलिमीटरला ती ०.२ मिलिमीटरच्या आसपास येते.

जुन्या पिस्टनची साक्ष

नवा पिस्टन निवडण्याआधी जुना का गेला, हे विचारायला हवं. नाहीतर नवाही त्याच वाटेनं जाईल. स्कर्टवर चार कोपऱ्यांत ओरखडे असतील तर जागा कमी पडली होती किंवा थंड इंजिन जोरात पळवलं होतं. फक्त धुराच्या खिडकीच्या बाजूला ओरखडे असतील तर तेल कमी पडलं किंवा मिश्रणात पेट्रोल कमी होतं. आरएक्समध्ये तेल पंपानं येतं, त्यामुळे पंपाची तार आणि नळीतली हवा तपासायची. डोक्याला भोक किंवा कडेला वितळल्याच्या खुणा असतील तर दोष इग्निशनच्या वेळेत, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये किंवा कुठून तरी हवा ओढणाऱ्या सीलमध्ये शोधायचा. यांतल्या एकाही दोषावर महागडा पिस्टन हे औषध नाही.

शेवटी नाव

आपल्याकडे वाहन-कंपन्या पिस्टन बहुतांशी पुरवठादारांकडूनच घेत आल्या आहेत. मद्रासची इंडिया पिस्टन्स, गोएत्झे, ‘उषा’ या नावानं पिस्टन विकणारी श्रीराम, कोल्हापूरची मेनन अशी ही परंपरा आहे. त्यामुळे ‘कंपनीचा’ आणि ‘बाहेरचा’ ही भिंत वाटते तितकी जाड नाही. नावाला अर्थ आहेच. चांगला निर्माता शंभरावा पिस्टनही पहिल्यासारखा काढतो, डब्यात मापाचा कागद ठेवतो, पिस्टनच्या डोक्यावर दिशेचा बाण आणि माप स्वच्छ उमटवतो. पण ज्या नावाला मागणी असते त्याच्याच डब्याची नक्कल होते. डबा छापता येतो. निमुळतेपणा आणि खुंटीची जागा साधणं अवघड असतं.

मूळ निर्मात्याचा हात सुटला की जुन्या यंत्राबाबतचा विश्वास डब्यावरून मोजमापाकडे सरकतो. ज्या मेकॅनिककडे मायक्रोमीटर आहे आणि तो वापरायची सवय आहे, त्याच्या हातून दुय्यम नावाचा पिस्टनही वर्षानुवर्षं चालतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या हातून उत्तम पिस्टनही पहिल्याच घाटात पकडतो. पिस्टनवर चार पैसे जास्त जावेत की बोअरिंगवर, असा प्रश्न आला तर मी बोअरिंगवर घालीन. आणि पहिले पाचशे किलोमीटर गाडी सबुरीनं चालव, असं पुतण्याला बजावीन. कारण पिस्टन आणि स्लीव्ह यांची ओळख व्हायलाही थोडा वेळ द्यावा लागतो.