फी माफ आहे, पण कागद तयार आहेत का?

बारावीचा निकाल लागला की आमच्या महाविद्यालयात येणारे पालक हल्ली आधी एकच गोष्ट विचारतात, ‘मॅडम, मुलींना सगळं माफ झालंय ना?’ मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. त्यासोबत शिष्यवृत्तीचं कामही माझ्याकडे आहे, त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत हे उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. बरंच माफ झालंय, सगळं नाही. आणि जे माफ झालंय, ते अर्ज भरल्याशिवाय मिळत नाही.

आधी झालं काय ते सांगते. ८ जुलै २०२४ रोजी राज्य शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या ज्या मुलींच्या आईवडिलांचं एकत्रित वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के शासन भरणार. आधी या मुलींना निम्मीच सवलत होती. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना पूर्ण शुल्काच्या योजना पूर्वीपासून आहेत. नव्या निर्णयाने तिजोरीवर वर्षाला ९०६ कोटी रुपयांचा जादा भार पडेल, असा शासनाचा अंदाज होता. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी, विधी, बी.एड. असे अनेक अभ्यासक्रम यात येतात. पहिल्या वर्षाला नव्याने आलेल्या मुलींना लाभ मिळतो, तसा आधीपासून शिकत असलेल्या आणि अर्जाचं नूतनीकरण करणाऱ्या मुलींनाही मिळतो.

निम्म्यावरून पूर्ण, एवढ्या फरकाने घरात काय बदलतं, हे आमच्याकडे जवळून दिसतं. मुलगा आणि मुलगी पाठोपाठच्या वर्गात असली की मुलाला ‘इंजिनिअरिंगला टाकू’ आणि मुलीला ‘इथंच बी.ए. करू दे, पुढं लग्नालाही पैसे लागतील’ असा हिशेब होत असे. निम्मी फी भरायची म्हटलं तरी सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत कुणाकडून तरी उसने घ्यावे लागत, आणि ते मुलीसाठी घ्यायला घर सहज तयार होत नसे. आता तोच बाप मुलीच्या सीईटीचे मार्क घेऊन चौकशीला येतो. मुलगी हुशार आहे, हे त्याला आधीही माहीत होतं. तिला शिकवणं परवडेल, ही खात्री नवी आहे. म्हणून मी या निर्णयाकडे अलीकडच्या काळातला मोठा शैक्षणिक निर्णय म्हणून पाहते.

पण त्याच्या कडा नीट माहीत हव्यात. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला असला पाहिजे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही यातून वगळलेली आहेत. पहिल्या फेरीत मनासारखं कॉलेज मिळालं नाही म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून थेट प्रवेश घेतला, की मुलगी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसते, पण तिची पूर्ण फी घरच्यांना भरावी लागते. हे प्रवेश झाल्यावर कळतं, तेव्हा करण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं असतं : प्रवेश घेण्याआधी ‘कॅपमधून की संस्थास्तरावर?’ हे विचारा आणि उत्तर कागदावर बघा.

दुसरी कड म्हणजे काय माफ आहे आणि काय नाही. माफी आहे शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, पुस्तकं, प्रयोगशाळेचा ॲप्रन, गावाहून येण्याजाण्याचं भाडं या कशाचीच ती नाही. गावात राहून रोज एसटीने येणारी मुलगी निभावून नेते. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या मुलीचा खरा खर्च खोलीचा आणि जेवणाचा असतो. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. सावित्रीबाई फुले आधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार आणि तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार रुपये मिळतात. पण जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पात्र असूनही बरीच मुलं बाहेर राहतात. शुल्कमाफीचं कौतुक करताना ही मर्यादा वाढवण्याची मागणीही तितक्याच जोराने व्हायला हवी.

आता येते ती कागदांची गोष्ट. महाडीबीटी संकेतस्थळावरचा अर्ज भरायला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्ड, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, शिक्षणात खंड असेल तर त्याचं शपथपत्र असं प्रवर्गाप्रमाणे काही ना काही लागतं. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर जातवैधता प्रमाणपत्रही लागतं. सगळेच जण निकालानंतर धावतात, म्हणून जून-जुलैत सेतू केंद्राबाहेर रांग, तहसीलमध्ये रांग आणि पडताळणी समितीकडे फायलींचा ढीग दिसतो. खरं तर जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच करता येतो. उत्पन्नाचा दाखलाही एप्रिल-मेमध्ये काढून ठेवता येतो. मात्र त्याची मुदत कोणत्या मार्चपर्यंत आहे, ते पाहून घ्यावं.

कागद जमले की बँक येते. शिष्यवृत्तीची जी रक्कम थेट विद्यार्थ्याला मिळते, ती आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जाते. मुलीचं एक खातं शाळेत असताना उघडलेलं असतं, दुसरं घरच्यांनी कुठल्यातरी योजनेसाठी उघडलेलं, तिसरं कॉलेजच्या गावात. शेवटी आधारशी जे जोडलं गेलं, त्यात पैसे जमा होतात. मुलगी मात्र दुसऱ्याच पासबुकावर नोंद शोधत राहते. कधी खातं वापरात नसल्याने बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन ‘माझं आधार कोणत्या खात्याला मॅप आहे?’ एवढं विचारलं तरी हा गुंता सुटतो.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, मोठ्या शहरात बसून ती सहजी लक्षात येणार नाही. इथली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुलीच्या आधारला नंबर वडिलांचा, आणि फोन वडिलांजवळ, उसाच्या फडात. अर्ज भरताना ओटीपी तिकडे जातो. फडात रेंज नसते, किंवा फोन चार्ज नसतो, किंवा वडील मोळ्या बांधत असतात आणि ओटीपीची वेळ संपते. मुलगी संगणकासमोर रडकुंडीला येते. अर्ज त्रुटीसाठी परत आला की हे सगळं पुन्हा. म्हणून आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलींना प्रवेशाच्या आठवड्यातच सांगतो, की आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. दिवाळीआधी, घरचे गावात असतानाच.

महाविद्यालयांची बाजूही सांगितली पाहिजे. शासनाकडून शुल्काची रक्कम वेळेवर येत नाही, हप्त्याहप्त्याने येते, आणि विनाअनुदानित संस्थेला पगार दर महिन्याला द्यावे लागतात. ही अडचण खरी आहे. पण म्हणून पात्र मुलीला ‘आधी पूर्ण फी भर, शासनाचे आले की परत देऊ’ असं सांगणं मान्य होऊ शकत नाही. शासनाच्या सूचनाही तशाच आहेत. ज्या घराकडे आगाऊ भरायला पैसे असते, त्या घराला माफीची इतकी गरज नसती. उशिराचा भार सोसायचा तर तो शासनाने आणि संस्थेने मिळून सोसावा. अठरा वर्षांच्या मुलीवर तो ढकलू नये.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० ठरला आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. हेतू पारदर्शकतेचा आहे, आणि तो योग्य आहे. पण त्यातली फीची रक्कम विद्यार्थ्याने स्वतः महाविद्यालयात भरायची असते, हे कित्येक घरांत कुणी समजावून सांगितलेलंच नसतं. घरात आजारपण असतं, बियाण्यांची उधारी असते, आणि खात्यात एकदम मोठी रक्कम दिसते. पुढे परीक्षेच्या अर्जाच्या वेळी थकबाकी निघते. यात त्या घराला दोष देण्यात अर्थ नाही. कोणती रक्कम कशासाठी आहे, हे पैसे जमा होण्याच्या आधी सांगणं महाविद्यालयाचं काम आहे.

याच काळात शिक्षणाचे नियमही बदलले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतही नवी रचना आली. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.सारख्या पदव्यांत एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स अशी बाहेर पडण्याची सोय आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. आजारपणाने किंवा लग्नामुळे थांबलेल्या मुलीला परत येण्याची वाट त्यातून उघडते, हे चांगलंच आहे. माझी काळजी वेगळी आहे. पैशांअभावी शिक्षण सोडणाऱ्या मुलीच्या हातात प्रमाणपत्र देऊन कुणी समाधान मानू नये. बाहेर पडण्याचं दार उघडं ठेवायचं, तर आत टिकून राहण्यासाठी पैशांची सोय आधी हवी.

प्रवेश बदलताना अडकलेल्या पैशांबद्दलही नियम आहे, तो लोकांना ठाऊक नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीचं परत, असं ठरवून दिलं होतं. मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्यालाही आयोगाची मनाई आहे. आणि कर्जच घ्यावं लागलं, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. निवडक दर्जेदार संस्थांतल्या प्रवेशासाठी विनातारण, विनाजामीन कर्ज, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना तीन टक्के व्याजसवलत. दरवर्षी एक लाख विद्यार्थ्यांना ही व्याजसवलत देण्याची तरतूद आहे. मात्र आपलं महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे आधी तपासावं.

महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली, कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली. गरिबाच्या मुलाला शिकवायचं तर फीबरोबर त्याच्या राहण्याची आणि दोन वेळच्या जेवणाचीही सोय करावी लागते, हे शाहू महाराजांना आणि भाऊरावांना पक्कं माहीत होतं. आपल्या आजच्या योजनांना त्यांचीच नावं आहेत. ती नावं सार्थ करायची तर निर्णय निघाल्यापासून तो मुलीच्या हातात पडेपर्यंतचं अंतर शासनाने आणि महाविद्यालयांनी चालायला हवं.

तोवर आपल्यालाही करण्यासारखं खूप आहे. तुमच्या गल्लीत, वाडीवर, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी बारावीची एखादी मुलगी असेल. मे महिन्यात तिच्या घरी अर्धा तास बसा. उत्पन्नाचा दाखला निघालाय का, जातवैधतेचा अर्ज झालाय का, आधारला तिचाच नंबर आहे का, बँकखातं चालू आहे का, एवढं विचारा. नसेल तर तिच्याबरोबर सेतू केंद्रात जा. माफीचा निर्णय शासनाने घेतलेला आहे, तो तिच्या घरापर्यंत पोचवायला हात लावा.