मिठागरातला प्रभारांचा हिशेब

सोडियमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन असतात. सर्वांत बाहेरच्या कक्षेतला एकुलता एक इलेक्ट्रॉन निघून गेला की उरतो तो +१ प्रभाराचा आयन. क्लोरीनचा अणू एक इलेक्ट्रॉन घेऊन −१ होतो. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन-दोन इलेक्ट्रॉन देतात, त्यांचे आयन +२. सल्फेट हा अणुसमूह −२.

मालाडजवळच्या मनोरी खाडीत भरतीबरोबर शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्यात हे सारे आयन सुटे फिरत असतात, तरी पाणी उदासीनच असते. हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियमचे १,००० आयन असतील तर सोबत मॅग्नेशियमचे सुमारे ११३, कॅल्शियमचे २२ आणि पोटॅशियमचे २२ असतात. मॅग्नेशियम व कॅल्शियमचे आयन दुपटीने धरले की धनप्रभार १,२९२ भरतो. दुसऱ्या बाजूला क्लोराइडचे १,१६४ आणि सल्फेटच्या ६० आयनांचे १२०. बायकार्बोनेट, ब्रोमाइड वगैरे किरकोळ आयनांचे उरलेले ८ मिळवले की तोही आकडा १,२९२.

मालवणी, भांडुप, मुलुंडकडच्या मिठागरांमध्ये असेच समुद्राचे पाणी उन्हात आटवले गेले. आटताना आधी कॅल्शियम आणि सल्फेट एकास एक जुळून जिप्सम तळाशी बसते, मग मीठ धरते. मिठाच्या स्फटिकात सुटी जोडपी नसतात: प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. म्हणून NaCl हे सूत्र रेणू दाखवत नाही, फक्त १:१ प्रमाण सांगते. मागे उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड साठते. +२ फेडायला दोन क्लोराइड लागतात, म्हणून ते MgCl₂. जाड्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, ते मुख्यतः हवेतली ओल ओढणाऱ्या याच क्षारामुळे. शाळेत संयुजांची तिरकी अदलाबदल पाठ करून घेतात. त्यापेक्षा प्रभारांची बेरीज शून्य करायला शिकवणे केव्हाही चांगले, कारण नियमामागचे कारण तेच आहे.

समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी महापालिकेने मनोरीत दिवसाला २० कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आखला. अशा प्रकल्पात क्षार गाळणाऱ्या पडद्याला नुसता सोडियम अडवून चालत नाही, त्याच्या तोडीचा ऋणप्रभारही अडवावाच लागतो; त्यामुळे गोडे पाणी आणि मागे उरणारे अतिखारट पाणी, दोन्ही उदासीनच असतात.