कृपासदनाचे दार

पुणे-सातारा रस्त्याने जाताना भोर तालुक्यात वरवे बुद्रुक लागते. तिथे माझ्या चुलतभावाची भातखाचरे आमच्या खाचरांना लागून आहेत. बांधावरून आमच्या दोन घरांत नऊ वर्षे अबोला होता. बांध कोरला त्यांनीच. मोजणीचा नकाशाही माझ्याच बाजूचा. आपले खरे आहे, हे सुख काही औरच असते! माझ्या खरेपणाला नऊ वर्षांत कुठे तडा गेला नाही. फक्त त्या घरातल्या दोन लग्नांना मी गेलो नाही, आणि वहिनी गेल्या तेव्हा थेट दहाव्यालाच पोहोचलो.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंनी 1907 मध्ये लिहिलेली आपल्या श्रद्धेची साक्ष वाचत होतो. स्वतःच्या योग्यतेचा अभिमान धरायचा, तर त्यांच्याइतका अधिकार कुणाचा? वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवण्यासाठी समाजाचा रोष पत्करला. आईवडील दुष्काळात गेले. भावाबरोबर पायी देश हिंडलेल्या या मुलीला 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडची त्यांच्यावरची चर्चा, बाजूची असो वा विरोधाची, बहुधा इथेच अडकते.

रमाबाई स्वतः मात्र तिथे थांबत नाहीत. त्या लिहितात त्याचा मथितार्थ असा, की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. धर्म बुद्धीला पटला होता. पुढे 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन काढले, विधवांना शिकवले. म्हणजे पुण्याची बाजू भक्कमच! तरी आत काही रिते होते. अशात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांनी वाचले. हे गृहस्थ कित्येक वर्षे इतरांना उपदेश करत होते आणि 1851 मध्ये स्वतःचेच प्रवचन चालू असताना त्यांचे डोळे उघडले. रमाबाईंनाही 1891 च्या सुमारास उमगले, की आधी चांगले होऊन मग देवाकडे जायचे नसते. आहोत तसे, पापी म्हणूनच जायचे. विद्या आणि सेवा यांची बेरीज करून क्षमा विकत मिळत नाही. ती फुकट मिळते, आणि मानी माणसाला फुकटचे घेणेच फार जड जाते. येशूच्या दाखल्यातला परूशी देवळात आपल्या उपवासांचा हिशेब देतो, तो काही खोटे बोलत नसतो. तरी निर्दोष ठरून घरी जातो तो मान खाली घातलेला जकातदार.

यानंतर रमाबाई मऊ झाल्या, असे मात्र नाही. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात सगळी चूक एकाच बाजूची होती, असे मला वाटत नाही. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या, दौंडजवळच्या केडगावला मुक्ती सदन उभे केले. आणि 1899 मध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आणखी एक घर काढले. त्याचे नाव ‘कृपा सदन’.

त्याचे मूळ पुन्हा इंग्लंडातच सापडते. फुलहॅम येथे अशा स्त्रियांना मायेने वागवणाऱ्या ख्रिस्ती भगिनी रमाबाईंनी पाहिल्या होत्या. शास्त्रांत वाढलेल्या त्यांना हे नवल वाटले. कारण विचारले, तेव्हा उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. दार कुणासाठी उघडायचे, याचा निवाडा त्या स्त्रियांच्या वागणुकीवर ठेवला असता, तर केडगावचे ते घर रिकामेच राहिले असते.

गेल्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, मी वरव्याला गेलो. ओसरीवर बसलो आणि म्हणालो, ‘‘दादा, माझं चुकलं.’’

‘‘कशाबद्दल म्हणतोस?’’ त्यांनी विचारले.

सांगायला लागलो, तर यादी बरीच लांब निघाली. बांध तिच्यात नव्हता.