डबा नसलेला खजिना

मागच्या दिवाळीत घरी अहमदपूरला गेले होते. फराळ करता करता काकांना जिओकॅशिंगचा फंडा समजावत होते. मोबाइलच्या जीपीएसवर अक्षांश-रेखांश टाकायचे, तिथे कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. काका चिवडा खाता खाता थांबले. ''म्हंजे गुप्तधनच की! मग खंदायलीस कुठं?''

मी सॉल्लिड हसले. पण दुसऱ्याच रविवारी आमचा ग्रुप भेटणार होता जुनापाणीला, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

गावावरून जाणारा आमचा हायवे नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला निघतो. तिथून नागपूर, आणि शहराच्या वायव्येला काटोल रोडच्या बाजूला जुनापाणी. माणसांनी ओढून आणून मांडलेल्या मोठ्या दगडांची वर्तुळं, मधे माती-मुरमाचा उंचवटा. या परिसरात अशी सुमारे 300 वर्तुळं नोंदली गेली आहेत. लोहयुगातल्या माणसांच्या दफनाच्या या जागा, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या. रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे खणून 1879 मध्ये त्यावर लिहिलं. खंजीर, कुऱ्हाडी, लगामाचे लोखंडी भाग निघाले होते.

आमचा खेळ त्यामानाने कालचाच! 2 मे 2000 ला अमेरिकेने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मरने ओरेगॉनच्या जंगलात वही-पेन्सिल टाकून एक बादली लपवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. बस्स, एवढीच सुरुवात.

तर रविवारी सकाळी आम्ही सातजण त्या वर्तुळापाशी. एकाने झकास घट्ट झाकणाचा डबा आणला होता. दोन दगडांच्या फटीत तो मस्त बसला असता. ''खड्डा खणायचा नाही हा तर खेळाचाच नियम आहे, आपण कुठे खणतोय?'' तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता. मी फक्त काकांचा प्रश्न सांगितला.

सगळे गप्प. उद्या गुरं राखणाऱ्या पोराला तो डबा सापडला, तर गावात काय बातमी जाईल? आपल्याकडे गुप्तधनाच्या नादाने इतके अघोरी प्रकार झालेत की 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला. विदर्भातली कित्येक वर्तुळं शेती, रस्ते, बांधकामांत आधीच गेलीत. त्यात आमच्या डब्यापायी कुदळी पडायला नकोत.

वाद तरीही अर्धा तास चालला. (समोसे संपले म्हणून मिटला, असं माझं मत!) डबा बॅगेत परत गेला. त्याऐवजी कोडं ठरलं: या जागेचे आकडे घ्या, इथे या, दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे मोजा आणि उत्तर कळवा. टीआयएफआरच्या संशोधकांनी या खळग्यांचा आणि आकाशातल्या ताऱ्यांचा काही संबंध लागतो का, हे तपासलंय.

आम्ही मोजायला घेतलं. सातजणांची सात उत्तरं! उन्हं चढली की खळगे दिसेनासेच होतात.

तेवढ्यात काकांचा फोन. ''घावलं का काही?''

''खळगे.''

''किती?''

परत पहिल्या दगडापासून सुरुवात केली.