चारशे कोटी रोपांना पाणी कुठले?

१ जुलै २०१६ रोजी महाराष्ट्रात एका दिवसात २ कोटी ८२ लाख रोपे लागली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा असा दिवस धरला, तर सेकंदाला साडेसहाशे. पुढच्या वर्षी ५ कोटी ४३ लाख, २०१८ मध्ये १५ कोटी ८८ लाख आणि २०१९ साठी ३३ कोटींचा संकल्प. आकडे दर वर्षी दुपटी-तिपटीने चढत गेले. जंगल मात्र रोपांच्या संख्येने मोजत नाहीत, क्षेत्रफळाने मोजतात. तो हिशेब मांडायला बसले की डोके गरगरते.

देशाची एक तृतीयांश जमीन जंगलाखाली किंवा झाडांखाली असावी, असे १९८८ चे राष्ट्रीय वन धोरण सांगते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. तेच माप राज्याला लावले तर १,०२,५७१ चौरस किलोमीटर झाडांखाली हवे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात जंगल आणि जंगलाबाहेरची झाडे मिळून भरतात ६५,३८३. तूट ३७ हजारांची. आपला अहिल्यानगर जिल्हा राज्यात सर्वांत मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. असे दोन अख्खे जिल्हे, बेलापूर-श्रीरामपूरच्या उसासकट, झाडांखाली गेले तरी ही तूट भरत नाही.

रोपे तीन-तीन मीटरवर लावली तर हेक्टरी १,१११ बसतात. सदतीस लाख हेक्टरांना मग ४१३ कोटी रोपे लागतील, आणि त्यातले एकही मरून चालणार नाही. २०१९ मध्ये केंद्राने भरपाई वनीकरणाचे ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राला ३,८४४ कोटी मिळाले. ते सगळे यावर घातले तरी रोपामागे नऊ रुपये पडतात. तेवढ्यात खड्डासुद्धा होत नाही.

पैसा एक वेळ उभा राहील. पाण्याचे काय? उन्हाळ्यातले सोळा आठवडे प्रत्येक रोपाला आठवड्याला दहा लिटर द्यायचे म्हटले, तर रोपामागे १६० लिटर आणि एकूण ६६ हजार कोटी लिटर. म्हणजे २३ टीएमसी. भंडारदरा धरण ११ टीएमसीचे. दोन भंडारदरे काठोकाठ भरून नुसत्या रोपांवर रिती करायची आणि पुरती दोन्ही रिकामी झाली तरी थोडे कमीच पडायचे. हे एका उन्हाळ्याचे झाले. रोप स्वतःच्या मुळांवर उभे राहायला असे निदान दोन-तीन उन्हाळे लागतात. आवर्तन चार दिवस लांबले तर काय होते, हे प्रवरेच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला सांगावे लागत नाही.

बेलापूरला वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. वर रतनगड-घाटघरच्या डोंगरांवर त्याच्या दहापट. प्रवरा तिथून निघते आणि भंडारदऱ्याभोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचे ३६१ चौरस किलोमीटर पसरले आहेत. या जंगलाला कोणी टँकरने पाणी घालत नाही, उलट तेच माती धरून ठेवते आणि धरणात गाळ येऊ देत नाही. बेलापूरच्या उसाचे खरे भांडवल तिथे, शंभर-एक किलोमीटर वर, सरकारी वनात आहे. त्यातले एक उभे झाड राखणे हे खाली शंभर खड्डे खणण्यापेक्षा मोलाचे, असे माझे ठाम मत आहे.

आणि सगळीकडे झाडेच हवीत असेही नाही. उपग्रहाच्या मोजणीत एक हेक्टरावर दहा टक्के सावली असली की ते जंगल. मग ती आमराई असली तरी चालते. गवताचा माळ मात्र त्यात धरला जात नाही. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट आहेत ते माळामुळे. सोलापूर आणि नगर मिळून १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, पुढे ते घटवून १,२२२ वर आणले. अशा माळावर दाट झाडे लावली तर आकडा वाढतो आणि काळविटाचे, माळढोकाचे घर जाते.

मार्ग आपल्याच जिल्ह्यात सापडलेला आहे. हिवरे बाजारने १९९० च्या दशकात उजाड झालेले सुमारे सत्तर हेक्टर वन पुन्हा उभे केले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, डोंगरउतारावर चर, आणि गवत कापून घरी न्यायची मुभा. साग, पळस, धावडा यांची मुळे जमिनीत जिवंत असतात. ऊस तुटल्यावर खोडवा फुटावा तशी ती फुटतात, फक्त गुरे आणि कुऱ्हाड लांब ठेवावी लागते. राज्यात चाळीस हजारांहून जास्त गावे आहेत. प्रत्येकाने सत्तर हेक्टर राखले तर २८ हजार चौरस किलोमीटर होतात, म्हणजे तुटीचा तीन चतुर्थांश भाग. प्रत्येक गावाकडे तेवढी जमीन नाही, बागायती बेलापूरकडे तर नाहीच. पण डोंगराळ अकोले तालुक्यात आणि पारनेरच्या डोंगरउतारांवर सत्तरपेक्षा जास्त हेक्टर राखता येतील अशी गावे आहेत.

येत्या ग्रामसभेत यंदा किती रोपे लावणार, हे विचारू नका. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती उभी आहेत ते विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.