एचटी-2 चं आरसी मॉडेल: आधी वजन, मग रंग

व्हिडिओत हिशेब भरभर सांगून झाला, इथे नीट मांडतो.

आरसी विमानांची किट विकायची आहेत, पण पहिलं डिझाइन कुठलं घ्यायचं यावर अडलाय? माझं मत विचाराल तर स्पिटफायर आणि मस्टँग सोडा, त्यांची किट जगभर ढिगाने मिळतात. एचटी-2 घ्या. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं हे ट्रेनर विमान 1951 मध्ये पहिल्यांदा उडालं. डिझाइन डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालचं, म्हणजे मराठी माणसाचं. अभिमान आहेच, पण धंद्याचं कारण वेगळं: त्याची चाकं आत ओढली जात नाहीत, त्यामुळे महागडी रिट्रॅक्ट यंत्रणा लागत नाही.

आपण बनवणार ते 'स्पोर्ट स्केल'. म्हणजे आकाशात बघणाऱ्याला विमान ओळखू यावं, पण रिव्हेट मोजत बसायचं नाही. उडताना ते सरावाच्या विमानासारखं वागलं पाहिजे.

मूळ पंख टोकापासून टोकापर्यंत 10.72 मीटर. सातने भागा: 1.53 मीटर. सातच का? बाजारात बाल्साची शीट साधारण 3 फुटी, म्हणजे 91 सेंमी मिळते. पंख दोन भागांत केला की एक भाग 76 सेंमी. जोड न देता एका शीटमध्ये बसतो, कुरिअरच्या खोक्यात बसतो आणि गिऱ्हाइकाच्या गाडीतही. पाचने भागलंत तर अर्धा पंख 107 सेंमी. मग प्रत्येक ठिकाणी जोड आणि खोकंही मोठं.

आता खरी गोष्ट. लांबी सातने कमी होते, पण पंखाचं क्षेत्रफळ 49 ने. हातात उरतात साधारण 32 चौरस डेसिमीटर. विमान 2 किलोत बसवलं तर दर चौरस डेसिमीटरवर 60 ग्रॅमच्या आसपास भार येतो, उतरताना विमान शांत राहतं. तेच 2.6 किलो झालं तर स्टॉलचा वेग साधारण 14 टक्क्यांनी वाढतो. तुमच्या अनुभवी मित्राला फरक जाणवणारही नाही. पण ज्याने चार महिने रात्री जागून किट जोडलंय, त्याचं विमान पहिल्याच लँडिंगला मोडेल आणि तो पुन्हा तुमच्याकडून काही घेणार नाही.

वजन चोरपावलांनी येतं, आणि सगळ्यात महाग पडतं शेपटीत. शेपटी बॅलन्स पॉइंटपासून लांब, नाक जवळ. मागे 10 ग्रॅम वाढले की पुढे 20-25 ग्रॅम शिसं भरावं लागतं. म्हणून शेपटीला हलका बाल्सा, पंखाच्या स्पारला कडक. आडवी शेपटी मात्र मूळ प्रमाणापेक्षा 10-15 टक्के मोठी काढा. स्केलवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. बॅलन्स पंखाच्या सरासरी रुंदीच्या 25 ते 28 टक्क्यांवर ठेवा. बॅटरी पंख न काढता बदलता यावी, हे ड्रॉइंग करतानाच ठरवा.

मोटरला किलोमागे 200-250 वॅट धरा. चार सेलची लिपो 14.8 व्होल्टची, 30 अँपिअरला 444 वॅट होतात. स्पीड कंट्रोलर 40 अँपिअरचा घ्या.

किंमत काढताना बाल्सा, प्लाय, लेझर कटिंग आणि खोकं सगळेच धरतात. ड्रॉइंगचे तास आणि नमुन्याची विमानं कोण धरणार? समजा त्यावर 30 हजार गेले. 100 किटवर वाटले तर 300 रुपये, 20 वर वाटले तर 1500. ॲडव्हान्स हातात आलेल्या ऑर्डर किती, त्याच आकड्याने भागा.

नमुने दोन करा. दुसरा स्वतः जोडू नका, अनोळखी माणसाला फक्त किट आणि माहितीपत्रक द्या. तो फोन करून जे विचारेल, ते माहितीपत्रकात राहून गेलंय असं समजा. उडवण्याआधी डिजिटल स्कायच्या नकाशावर तुमचं मैदान हिरव्या झोनमध्ये आहे का, तेही बघा.

पुढच्या व्हिडिओत फॉर्मर काढून दाखवतो. तोवर दुकानात जाताना खिशात छोटा वजनकाटा ठेवा. एकाच मापाच्या दोन बाल्सा शीटच्या वजनात कधीकधी दुपटीचा फरक निघतो आणि दुकानदार दोन्ही एकाच भावाने देतो.